जाळरेषेचा विषय फेब्रुवारीत काढू नका : संवर्धन राखीव क्षेत्रांच्या समिती सदस्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
संवर्धन राखीव क्षेत्र व्यवस्थापन समित्या,
तिलारी, आंबोली-दोडामार्ग, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, पन्हाळगड, विशाळगड

विषय : समितीने सल्ला कधी, किती आणि कोणत्या शब्दांत द्यावा याबाबत

स. न. वि. वि.

2020 च्या जूनमध्ये तिलारीचे 29.53 चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव क्षेत्र (सरकारी जमिनीला मिळणारा, अभयारण्यापेक्षा कमी बंधनांचा दर्जा) झाले. त्याच वर्षी डिसेंबरात राज्य वन्यजीव मंडळाने चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा वगैरे क्षेत्रांना मंजुरी दिली. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातून निघून राधानगरीमार्गे गोव्यातल्या म्हादईपर्यंत आणि कर्नाटकातल्या भीमगडपर्यंत जाणारी जंगलाची वाट त्यामुळे कागदावर बरीचशी जुळली. या वाटेची देखभाल कशी करायची, हे मुख्य वन्यजीव रक्षकांना सांगण्याचे काम तुमच्या समितीकडे आहे. हे पत्र त्या सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आलेले कलम 36-बी सोबत ठेवा. समितीत कोण असावे ते त्यात स्पष्ट लिहिले आहे : वन विभागाचा प्रतिनिधी सदस्य सचिव, क्षेत्र ज्या ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत येते त्या प्रत्येकीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या संस्थांचे तिघे, आणि कृषी व पशुसंवर्धन विभागाचा प्रत्येकी एक. काम सल्ल्याचे. ‘सल्ल्याला काय किंमत?’ म्हणून निम्मे सदस्य पहिल्या बैठकीनंतर येईनासे होतात. पण त्याच कलमात असेही आहे की समितीची कार्यपद्धती आणि गणसंख्या (बैठकीला किमान किती सदस्य हजर हवेत ती संख्या) समिती स्वतः ठरवील. ती वरून येईल म्हणून थांबाल तर थांबूनच राहाल.

तेव्हा पहिल्याच बैठकीत कार्यपद्धतीचा ठराव करा. वर्षात निदान तीन बैठका, त्यांचे महिने ठरलेले. कार्यसूची 15 दिवस आधी हातात. गणसंख्या एकूण सदस्यांच्या निम्मी, पण त्यात ग्रामपंचायतींचे किमान एक-तृतीयांश प्रतिनिधी हवेतच. नाहीतर दोन विभागांचे अधिकारी आणि तिघे संस्थावाले मिळून बैठक ‘पार पडते’ आणि गावाला पत्ता नसतो. इतिवृत्ताचा मसुदा सात दिवसांत सर्वांकडे जावा, दुरुस्त्या पुढच्या सात दिवसांत घ्याव्यात, आणि कोणाचा विरोध असेल तर तो नावानिशी नोंदवावा. पुढच्या बैठकीचा पहिला विषय कायम एकच : मागच्या सल्ल्याचा अनुपालन अहवाल. बैठक दर वेळी विभागीय कार्यालयातच घेऊ नका. चंदगडच्या कोपऱ्यातल्या वाडीवरून कोल्हापूरला येऊन परत जाण्यात सदस्याचा दिवस आणि मजुरी दोन्ही जातात. ग्रामपंचायतीने प्रतिनिधीचे नाव ठराव करून द्यावे आणि शक्य तिथे ते बाईचे असावे. फाटी (सरपण), पाणी आणि गुरे यांमुळे जंगलाची कडा रोज कोण बघते, ते सर्वांना ठाऊक आहे.

आता महिन्यांकडे येऊ. आमचे मुख्य म्हणणे इथेच आहे.

वणव्याचा हंगाम वन खाते 15 फेब्रुवारी ते 15 जून धरते. समितीत वणव्याचा विषय निघतो तो फेब्रुवारीत, धूर दिसायला लागल्यावर. तोवर उशीर झालेला असतो, कारण जाळरेषेचे, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत आधीच कापून-जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्याचे, काम गवताच्या वेळापत्रकाने चालते. सह्याद्रीच्या माथ्यावरचे गवत पावसाळ्यानंतर पुरुषभर वाढते आणि नोव्हेंबरच्या शेवटापासून पिवळे पडू लागते. कापणी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर या काळात व्हायला हवी. ऑक्टोबरात कापले तर परतीच्या पावसाने पुन्हा फुटवा येतो. कापलेले गवत साधारण दोन आठवडे वाळू द्यायचे आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत जाळून टाकायचे. त्या दिवसांत पहाटे दव असते, बाजूचे उभे गवत अजून अर्धवट ओले असते, म्हणून आग रेषेबाहेर जात नाही. जानेवारी उलटला की तेच काम धोक्याचे होते. मग मजूर नुसते कापून मोकळे होतात, जाळायचे धाडस कोणी करत नाही, आणि वाळलेल्या गवताचा लांबच लांब पट्टा रेषेवर तसाच पडून राहतो. ती जाळरेषा राहत नाही, फटाक्याची वात होते.

जाळतानाही पद्धत आहे. वारा पडल्यावर, संध्याकाळी सुरुवात करायची. उतारावर काम असेल तर आग वरच्या टोकाला लावून खाली आणायची. खालून लावलेली आग चढावर पळते आणि माणसांच्या हाती लागत नाही. दोन्ही कडांना झोडपे घेऊन माणसे उभी हवीत आणि पाठीवर पाण्याचे पंप हवेत. रेषेची जागा हा त्याहून मोठा प्रश्न. डोंगराच्या धारेवरची रेषा सर्वांत उपयोगी, कारण चढून आलेल्या आगीचा जोर धारेवर ओसरतो. उताराच्या मध्यावर मारलेली रेषा वरून गडगडत आलेले पेटते लाकूड सहज ओलांडते. रुंदीबाबत काटकसर नको. उंच गवताच्या माळावर 3 मीटरची रेषा वाऱ्याच्या एका झोतात पार होते. तिथे 10 ते 12 मीटर हवी, झाडीतल्या धारेवर 6 चालते. पानगळीच्या जंगलात आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते : जानेवारीत स्वच्छ केलेली रेषा मार्चमध्ये पाल्याने पुन्हा भरते. अंदाजपत्रकात ब्लोअरने दोनदा सफाई धरलेली नसेल तर पहिला खर्च फुकट गेला म्हणायचे. ब्लोअर पाला उडवायला उत्तम. माळावर पेटलेल्या उंच गवतापुढे त्याचा उपयोग जवळपास शून्य, हेही खरेदीचा ठराव करताना लक्षात असू द्या.

हे सारे नोव्हेंबरात सुरू व्हायचे तर त्याआधी अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि मजुरांची जुळणी व्हायला हवी. म्हणजे समितीची बैठक सप्टेंबरात, गणपती आटोपल्याबरोबर. जिल्हा नियोजन समितीकडे पुढच्या वर्षाची मागणी जायची वेळही दिवाळीच्या आसपासचीच असते, आणि केंद्राच्या वन्यजीव अधिवास विकास योजनेतून संवर्धन राखीव क्षेत्रांना मदत मिळू शकते, तिचाही वार्षिक आराखडा वेळेत जावा लागतो. समितीचा सल्ला त्या फायलीला जोडला गेला तर त्याचा आकडा होतो. फेब्रुवारीत दिलेला सल्ला 31 मार्चच्या आत निधी संपवायच्या घाईत सापडतो आणि त्यातून पॅगोडा, बाकडी, कमान, सेल्फी पॉइंट निघतात. ही कामे करायला सोपी, फोटोला चांगली आणि जंगलाला निरुपयोगी असतात. पर्यटनाविषयी इथे याहून जास्त लिहीत नाही.

दुसरी गोष्ट सल्ल्याच्या शब्दांची. ‘वणवा रोखण्यासाठी प्रभावी उपाययोजना कराव्यात’ या वाक्याचे अनुपालन कसे मोजणार? त्याचे उत्तर ‘कार्यवाही सुरू आहे’ असे येते, आणि ते खोटेही नसते. ठराव असा लिहून पाहा :

‘कक्ष क्रमांक अमुक ते अमुक यांच्या सामाईक धारेवर 2,400 मीटर लांब व 10 मीटर रुंद जाळरेषा घ्यावी. कापणी 20 डिसेंबरपूर्वी व जाळणी 15 जानेवारीपूर्वी पूर्ण करावी. 1 ते 10 मार्च दरम्यान एकदा व एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सफाई करावी. काम संबंधित वनपालांकडे राहील. जाळणी झाल्यावर समितीचे दोन सदस्य पाहणी करून नोंद देतील.’

यात कक्ष क्रमांक, म्हणजे वन खात्याने जंगलाच्या पाडलेल्या तुकड्याचा क्रमांक, महत्त्वाचा आहे. वन खाते कक्षाच्या भाषेत बोलते, महसूल गट क्रमांकाच्या आणि गाव ‘म्हसोबाच्या माळा’च्या. गावाची तक्रार माळाच्या नावाने येते, ती कोणत्या बीटात (वनरक्षकाच्या हद्दीत) मोडते हे शोधण्यात आठवडा जातो. अधिसूचनेला जोडलेला नकाशा सदस्य सचिवांकडून मागून घ्या, त्यावर गावातल्या दोन जाणत्या माणसांना बसवून स्थानिक नावे लिहून काढा आणि मोबाईलच्या नकाशावर तेच बिंदू खुणावून ठेवा. खर्च जवळपास काहीच नाही, आणि पुढची पाच वर्षे प्रत्येक पंचनाम्यात उपयोगी पडते.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या आगीच्या सूचना मोबाईलवर येतात, त्यासाठी नोंदणी करा. पण त्यांच्या मर्यादाही जाणून घ्या. उपग्रह ठरलेल्या वेळी, दुपारी आणि मध्यरात्रीनंतर, डोक्यावरून जातो. माळावरचे गवत दोन तासांत जळून जाते. संध्याकाळी पाचला लागून सातला विझलेली आग त्याला दिसेलच असे नाही. म्हणून ‘यंदा सूचना कमी आल्या, म्हणजे वणवे कमी झाले’ हा निष्कर्ष इतिवृत्तात जाऊ देऊ नका. जळालेल्या क्षेत्राच्या कडेने मोबाईलवर माग चालू ठेवून एकदा चालून या, खरा आकडा मिळेल. आग कुठून सुरू झाली तेही तिथेच कळते : तरव्यासाठी (भाताच्या रोपांसाठी) राब भाजताना, बांध पेटवताना, मध काढताना, की ‘जाळले म्हणजे गवत चांगले येते’ या समजुतीने. कारण वेगळे, तर उपायही वेगळा. राब भाजायची वेळ गावाने आधी ठरवून वनरक्षकाला कळवली, तर बऱ्याच ठिकाणी एवढ्याने काम भागते.

सड्यांबद्दल, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांबद्दल, मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे नुकसान चांगल्या हेतूने होते. आंबोलीच्या, चंदगडच्या माथ्यावरचे जांभ्याचे सडे उन्हाळ्यात उघडेबोडके दिसतात. बैठकीत कोणीतरी म्हणतेच, ‘इथे झाडे लावू या.’ मग 45 सेंटिमीटरचे खड्डे जांभा फोडून घेतले जातात, बाहेरची माती येते, पहिल्या उन्हाळ्यात रोपे मरतात आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांसाठी पुन्हा निधी मागितला जातो. सडा म्हणजे मोकळी पडलेली जागा नव्हे. आंबोलीचा भेक, ज्याला शास्त्रज्ञ झँथोफ्रायनी टायगेरिना म्हणतात, अशाच सड्यावर सुट्या दगडांखाली दडतो आणि पहिल्या पावसाच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. तो जगात आंबोली परिसराबाहेर फारसा कुठे नाही आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. बोटभर खोलीच्या त्या डबक्यातून जीपचे एक चाक गेले की त्या जागेचा हंगाम संपला. गडग्यासाठी (दगडी कुंपणासाठी) सुटे दगड उचलले तर लपायची जागा जाते. तेव्हा सड्यासाठीचा सल्ला छोटा असू शकतो : वृक्षारोपण नको, दगड उचलू नयेत, वाहने कडेलाच चर खोदून किंवा मोठे दगड लावून थांबवावीत, आणि पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात तिथे कोणतेही काम काढू नये. आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या उगमाला तिथल्या माशामुळे 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. ते क्षेत्र जेमतेम दोन हेक्टर आहे. लहान जागेसाठीही नेमका निर्णय होऊ शकतो, एवढेच त्यावरून सांगायचे.

रानमोडी आणि घाणेरी या रान बळकावणाऱ्या झुडपांचे काम ‘झुडपे तोडणे’ या नावाखाली होते आणि म्हणूनच फसते. रानमोडी वरून कापली की बुडातून चौपट फुटते. ती जुलै ते सप्टेंबर, माती मऊ असताना, फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायची. घाणेरीचे खोड जमिनीखाली तीन-चार सेंटिमीटरवर कापून झुडूप उलटे ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. आणि तीन वर्षे त्याच जागी परत जायचे, कारण बी मातीत पडलेले असते. एका वर्षाचा निधी देऊन हे काम करू नये, असे स्पष्ट लिहा. तेवढ्याच पैशात एक तृतीयांश जागा घ्या आणि तीन वर्षे सांभाळा.

पशुसंवर्धन आणि कृषी विभागाचे प्रतिनिधी बहुतेक समित्यांत सही करून चहा घेऊन जातात. कायद्याने त्यांना बसवले त्याला कारण आहे. लाळ्या-खुरकूत गुरांकडून गव्याला होऊ शकतो. म्हणून जंगलाला लागून असलेल्या गावांतले सहामाही लसीकरण पावसाळी चराईच्या आधी पूर्ण व्हावे, आणि टक्केवारी तालुक्याची न सांगता गाववार सांगावी. मोकाट कुत्री भेकरांमागे लागतात, रेबीजही नेतात. त्यांची लस आणि निर्बीजीकरण याच सदस्याच्या टेबलावरचा विषय. मेलेला गवा सापडला आणि नाका-तोंडातून न गोठलेले काळसर रक्त दिसले, तर पशुवैद्यकीय अधिकारी येईपर्यंत कोणीही त्याला फाडू नये. काळपुळी असेल तर शवविच्छेदनानेच ती पसरते. ही सूचना प्रत्येक बीटात लेखी पोचली आहे का, एवढे विचारा.

भरपाईच्या बाबतीत समितीला पैसे देता येत नाहीत, पण अर्ज बाद का होतात ते बघता येते. गुरे मारली गेल्यास 48 तासांत आणि पीक खाल्ल्यास तीन दिवसांत खबर द्यायची असते. गाव ती तोंडी देते आणि तारीख कुठेच उमटत नाही. जनावराचे शव पंचनाम्याआधी हलवले जाते. उसाच्या फडात गवा आतून खातो, बाहेरून पीक उभे दिसते, आणि कृषी सहायक बांधावरूनच नुकसानीचा अंदाज मांडतो. माणसाच्या मृत्यूची भरपाई 25 लाखांपर्यंत गेली, तिची बातमी होते. या लहान दाव्यांची होत नाही, आणि वन खात्यावरचा राग तिथेच साठतो. दर बैठकीत गाववार तक्ता मागवा : किती अर्ज, किती मंजूर, किती नामंजूर आणि नामंजुरीचे कारण.

हा राग पुढे तारेत उतरतो. घरच्या जोडणीवरून किंवा आकडा टाकून शेताभोवती सोडलेला प्रवाह रानडुक्कर, गवा, हत्ती आणि शेजारच्या शेतकऱ्याला सारखाच मारतो. सौर झटका मशीन क्षणभराचे ठोके देते, म्हणून ते मारत नाही. पण तारेला गवत टेकले की दाब गळून जातो, आणि पावसाळ्यात गवत आठवड्यात टेकते. अनुदानाची कुंपणे दुसऱ्या वर्षी बंद दिसतात ती बहुधा यामुळे किंवा बॅटरीमुळे. कुंपण देताना तारेखालची सफाई कोण करणार, हे नाव घेऊन लिहा आणि गावात एक दाबमापक ठेवा. बिनकठड्याच्या विहिरींची यादीही याच कामात करून घ्या. बिबट्या पडल्यावर जाळी आणण्यापेक्षा मीटरभर कठडा स्वस्त पडतो.

गावात एक भीती असते, ती बैठकीत बोलली जात नाही : ‘राखीव’ म्हणजे चराई बंद, फाटी बंद, पुढे पुनर्वसन. सदस्यांनी याचे उत्तर नेमके द्यावे. अभयारण्याची मोजकीच कलमे इथे लागू होतात : गुन्ह्याला आळा आणि खबर, आग न लावणे, घातक रसायने व स्फोटके न वापरणे, अधिवास सुधारणे. अभयारण्यात बहुतेक गोष्टींना मज्जाव करणारे कलम 29 इथे लावलेले नाही. वन हक्क कायद्याखालचे सामूहिक दावेही यामुळे संपत नाहीत. कोणत्या गावांचे दावे प्रलंबित आहेत ते मात्र समितीने मागवून घ्यावे, नाहीतर उद्या जाळरेषेच्या धारेवरून भांडण होते.

आणि संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर करण्याचे कलम 36-ए फक्त सरकारी मालकीच्या जमिनीला लागू होते. दोडामार्गात वाघ, हत्ती, सांबर ज्या जागेतून जातात त्यातली बरीच मालकी जमीन आहे, काजू आणि रबराखाली गेलेली किंवा जाऊ पाहणारी. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने 2013 मध्ये वृक्षतोडीला बंदी घातली, तरीही समितीच्या नकाशावर ही जमीन पांढरीच असते. तुमची हद्द तिथे संपत असली तरी ओढे संपत नाहीत. दोन राखीव तुकड्यांना जोडणारे ओढे, त्यांच्या काठची झाडी आणि त्यांना आडवे जाणारे रस्ते यांची यादी तयार करा आणि कृषी विभागाच्या प्रतिनिधीमार्फत त्या बागायतदारांशी काठची पट्टी सोडण्याबद्दल बोला. अशी यादी हाताशी असेल तर एखादा रस्ता रुंद करायचा प्रस्ताव आल्यावर मोरी कुठे मोठी हवी हे सांगायला वेळ लागणार नाही.

पुढची बैठक सप्टेंबरात लावायची असल्यास सदस्य सचिवांना कार्यसूचीचे पत्र ऑगस्टच्या अखेरीपर्यंत पाठवावे लागेल. त्यात मागच्या बैठकीचे इतिवृत्त, कक्ष नकाशा, भरपाईचा गाववार तक्ता आणि गेल्या हंगामातले जळालेले क्षेत्र ही चार कागदपत्रे मागा.

आपले,
वणवा, पंचनामे आणि जंगलकडेच्या गावांत काम करणारे काही जण